आपल्या ओढ्याचा प्रश्न क्रमांक चौदा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकलं की हल्ली कंबर कुरकुरते, पण तुझ्यासाठी वाकलो.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे? शेकतेस का, की शेकते असं नुसतं शेजारणीला सांगतेस? गुरुवारी तुझी निळी चादर दोरीवर दिसली. एका बाजूची शिवण वीतभर उसवली आहे, वेळीच टाके घालून घे, नाहीतर फाटत जाईल. दुकानाच्या खिडकीतून ओढ्यापलीकडचं तुझं अंगण समोरच दिसतं, म्हणून लिहितो, पाळत ठेवतो असं समजू नकोस. हाकेच्या अंतरावरून पत्र लिहितो म्हणून पोस्टमन हसतो. हसू दे. पूल वाहून गेल्याला चार वर्षं झाली, रस्त्याने वळसा घालायचा तर अकरा किलोमीटर, आणि तुझा गुडघा असा. आईच्या शिलाई मशीनबद्दल तू मागच्या पत्रात पुन्हा विचारलंस. मशीन सुखरूप आहे, तेलपाणी वेळच्या वेळी करतो. पूल झाला की पहिलं तेच तुझ्याकडे पोचवणार, हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणतो. पुलाशिवाय एवढं जड धूड आणायचं कसं, तूच सांग.

तर पुलाचंच सांगायला बसलो आहे. ताई, मी संसद पाहून आलो. बाहेरून नव्हे, आत बसून. अजून माझा माझ्यावर विश्वास बसत नाही. काल एका गिऱ्हाइकाची छाती मोजता मोजता मी मध्येच थांबलो आणि म्हणालो, ‘माननीय सदस्य, हात वर करा.’ तो बिचारा घाबरून दोन्ही हात वर करून उभा राहिला.

झालं असं. आपल्या शाळेच्या मास्तरीणबाई आता खासदार आहेत हे तुला माहीतच आहे. (त्यांना मत दिलं नाहीस असं तू म्हणत होतीस, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.) आपल्या ओढ्यावर पूल का होत नाही हे सरकारला संसदेत विचारा, म्हणून मी त्यांना प्रश्न लिहून दिला. अकरा पानं भरली. त्यात आपला सगळा इतिहास होता, वाहून गेलेल्या पुलाचं वर्णन होतं, तुझा गुडघा होता, शाळेतल्या मुलांचा वळसा होता, आणि ‘हे निगरगट्ट खातं झोपेचं सोंग घेऊन पडलं आहे काय’ असा शेवट होता, ज्याच्यावर मी खूश होतो. बाईंनी तांबडं पेन काढलं. (शाळेतलंच असावं.) म्हणाल्या, मामा, संसदेत प्रश्न विचारायचेही नियम असतात. प्रश्नात वाद घालायचा नाही, टोमणा मारायचा नाही, विशेषण लावायचं नाही, आणि ज्याचं उत्तर आपल्यालाच ठाऊक आहे असं दाखवायचं नाही. मी म्हटलं, मग उरतं काय? तर उरल्या चार ओळी. सदर ठिकाणी पूल होता हे खरे आहे काय? तो वाहून गेला हे खरे आहे काय? तेथे रोज किती लोक ओढा ओलांडतात? असल्यास, नवीन पूल केव्हा बांधणार? बस. मला आधी राग आला, पण मग त्या चार ओळी मी दहादा वाचल्या आणि मनात म्हटलं, कापड किती आणलं ते महत्त्वाचं नाही, अंगाला बसतं की नाही ते पाहावं. माझी अकरा पानं मंत्र्याला ढगळ झाली असती. या चार ओळींतून त्याला कुठूनच निसटता येत नव्हतं.

पण प्रश्न दिला म्हणजे तो विचारला जातोच असं नाही. शेकडो प्रश्न येतात, त्यांची सोडत निघते, आणि ज्यांचा नंबर लागतो तेवढेच त्या दिवशी मंत्र्याला तोंडी विचारता येतात. वीस प्रश्न, आणि वेळ एकच तास. पुन्हा एकेका प्रश्नावर उपप्रश्न, त्यामुळे गाडी सातआठच्या पुढे कधी जात नाही. आपला नंबर लागला चौदावा. बाईंनी स्पष्ट सांगितलं, मामा, आशा ठेवू नका, आपलं उत्तर लेखीच येईल. तरी म्हणाल्या, पाहायला या, मी पास काढून ठेवते. त्या पहिल्यांदाच प्रश्न घेऊन बसणार होत्या, म्हणून मी त्यांना एक जाकीट शिवलं. करडं, बंद गळ्याचं. असं जाकीट माझ्या हातून पुन्हा होणार नाही.

दारावर मला तपासलं. खिशातली कात्री काढून घेतली, सुईची डबी काढून घेतली, शिवताना बोटात घालायचं टोपण काढलं, आणि शेवटी गळ्यातली टेप. इतक्या वर्षांत ती टेप मी झोपतानाच काय ती उतरवतो. ती टोपलीत गेली तेव्हा मला चारचौघांत उघडं पडल्यासारखं वाटलं. त्या बदल्यात पितळेचा एक बिल्ला दिला. मग जिने, मग लांबच लांब गालिचा (किनारीला हाताने टाके घातलेले आहेत, मी वाकून पाहिलं, रखवालदाराने उठवलं), आणि मग वरच्या मजल्यावरची प्रेक्षकांची गॅलरी. तिथला रखवालदार मोठ्या मिशीचा. त्याने कुजबुजत नियम सांगितले. पुढच्या कठड्यावर हात टेकायचे नाहीत. पायावर पाय टाकायचा नाही. टाळी वाजवायची नाही, मान डोलवायची नाही, बोलायचं नाही, झोपायचं नाही. मी विचारलं, श्वास? तो म्हणाला, नाकाने.

ताई, बरोबर अकरा वाजता एक माणूस खणखणीत आवाजात ललकारला आणि ते भलं मोठं सभागृह एकदम उभं राहिलं. अध्यक्ष आले. त्यांनी तिन्ही बाजूंना वाकून नमस्कार केला, आणि तिन्ही बाजूंनी त्यांना नमस्कार केला. जे एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पेपरातून एकमेकांचे वाभाडे काढतात, ते सगळे एकाच क्षणी, एकाच माणसापुढे वाकले. मीही वाकलो. (कठड्यावर कपाळ आपटलं. मिशीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. कपाळाचा नियम त्याने सांगितला नव्हता.)

मग प्रश्न सुरू झाले. अध्यक्षांनी नुसता नंबर पुकारायचा, खासदाराने उठून नुसता नंबर म्हणायचा, आणि मंत्र्याने उठून उत्तर द्यायचं. पहिल्याच प्रश्नाला मंत्री म्हणाले, निवेदन सभापटलावर ठेवलं आहे. मी ते पटल कुठे आहे ते शोधू लागलो. मंत्र्यांनी काही ठेवलेलं दिसलं नाही, हातही हलवला नाही, पण सगळ्यांनी ते ठेवलं गेलं असं मान्य केलं आणि पुढे गेले. नुसतं म्हटल्याने वस्तू ठेवली जाते. आमच्या दुकानात ही सोय असती तर ‘तुमचा शर्ट मी फळीवर ठेवला आहे’ एवढं म्हणून मी किती गिऱ्हाइकं वाटेला लावली असती. मधोमध एका टेबलाशी लघुलेखक बसतात, ते सगळं शब्दन् शब्द उतरवतात. दर पाच मिनिटांनी एक उठतो आणि दुसरा त्याच खुर्चीत बसतो, पण बोलणाऱ्याचं एक अक्षर सुटत नाही. मी अर्धा तास त्या खुर्चीकडेच पाहत होतो. खाली एवढा आरडाओरडा चाललेला, आणि त्या खुर्चीतला माणूस मान खाली घालून सगळ्यांचं सारखंच लिहून घेतोय, मंत्र्याचंही आणि मागच्या बाकावरच्याचंही.

आता तुला एक सांगतो, हे मात्र नीट वाच. तिथे कुणी कुणाशी थेट भांडत नाही. भांडायचं ते अध्यक्षांशी. म्हणजे समोरच्याला खोटारडा ठरवायचं असलं तरी तोंड अध्यक्षांकडे करायचं आणि म्हणायचं, अध्यक्ष महोदय, माननीय सदस्यांच्या बोलण्यात तथ्य नाही. मग तोही अध्यक्षांनाच सांगणार, अध्यक्ष महोदय, माननीय मंत्र्यांना विसर पडलेला दिसतो. अध्यक्ष उठून उभे राहिले की बाकी सगळ्यांनी बसायचं, मग वाक्य अर्धं असो नाहीतर पाव. मला एकदम आपलं स्वयंपाकघर आठवलं. आपणही असंच भांडायचो की. आई, त्याला सांग माझी पट्टी परत दे. आई, तिला सांग पट्टी माझ्याकडे नाही. तू माझ्याशेजारी बसलेली असायचीस, पण बोलायचीस आईशी. आणि आई पदर खोचून उठली की दोघंही गप्प. आई गेली, ती खुर्ची रिकामी झाली, आणि तेव्हापासून आपलं सभागृह तहकूब आहे. हे मला त्या गॅलरीत बसून कळलं आणि फार वाईट वाटलं. डोळे पुसायचे तर रुमाल काढावा की नाही याबद्दल नियम सांगितलेला नव्हता, म्हणून मी तसाच बसलो.

तर पावणेबारापर्यंत आठवा प्रश्न चालला होता आणि मी आपल्या ओढ्याची आशा सोडली होती. इतक्यात त्या आठव्या प्रश्नावरून काहीतरी बिनसलं आणि डावीकडचे सगळेच्या सगळे खासदार निषेध म्हणून उठून बाहेर चालते झाले. याला सभात्याग म्हणतात. मिशीवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे हे बाहेर जाऊन चहा पिऊन परत येतात. पण मौज अशी की पुढचे बहुतेक प्रश्न त्यांचेच होते, आणि पुकारलं तेव्हा विचारणारा जागेवर नसला तर प्रश्न गळतो. अध्यक्षांनी पुकारलं, नऊ. कुणी नाही. दहा. कुणी नाही. अकराव्याला एक म्हातारे गृहस्थ उठले, एका वाक्यात समाधान होऊन बसले. बारा. कुणी नाही. तेरा. कुणी नाही. घड्याळात बाराला सात मिनिटं कमी होती.

अध्यक्ष म्हणाले, प्रश्न क्रमांक चौदा. आणि ताई, मंत्री उठून उभे राहिले. खरोखरीचे मंत्री, ज्यांचा फोटो आपल्या पोस्टात आहे. त्यांच्या हातात फाईल होती, फाईलीत खुणेचा कागद घातलेला होता, आणि त्या पानावर आपला ओढा होता. ज्या ओढ्यात आपण दोघांनी चपला वाहवल्या, त्या ओढ्यासाठी एवढं मोठं सभागृह गप्प बसलं होतं आणि लघुलेखकाने पेन टेकवलं होतं. माझ्या आयुष्यात याहून मोठं काही घडलेलं नाही आणि घडणार नाही. मी बाईंच्या बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा.

अध्यक्षांनी पुन्हा पुकारलं. मंत्र्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग अध्यक्ष म्हणाले, सदस्य अनुपस्थित, पुढचा प्रश्न, आणि मंत्री खाली बसले. मी उठलो. काय झालं मला माहीत नाही, पण मी उठलो आणि मोठ्याने म्हणालो, ‘आहेत हो त्या, आत्ता येतील, जरा थांबा.’ खाली एकही मान वर झाली नाही. अध्यक्षांनी पापणी हलवली नाही. लघुलेखकाचं पेन थांबलेलं मी स्वतः पाहिलं. मिशीवाल्याने खांद्याला धरून मला बाहेर काढलं, पण प्रेमाने. तो म्हणाला, ‘मामा, गॅलरीतलं खाली कुणाला ऐकू येत नसतं. येतं, पण येत नसतं.’ म्हणजे मी देशाच्या संसदेत बोललो, ताई, आणि बोललो नाही असं नोंदलं गेलं.

चौकशी करता कळलं की कुणा मूर्खाने अगदी त्याच वेळी बाईंना तातडीची चिठ्ठी पाठवून बाहेर बोलावलं होतं. असे लोक असतात. त्यांना ना वेळेचं भान, ना देशाचं. अशा माणसाबद्दल अधिक लिहून तुझा आणि माझा वेळ घालवत नाही. प्रश्न गळला तरी त्याचं लेखी उत्तर छापून येतं, तसं आपलंही संध्याकाळी मिळालं. जाड कागद, वर क्रमांक, खाली आपल्या ओढ्याचं नाव, अगदी शुद्ध. आता तो छापील ओढा आहे. मी त्याला काच लावून दुकानात अगदी उंचावर टांगलं आहे. उत्तर साधारण अनुकूल आहे. गावात कुणी विचारलं तर तूही ‘साधारण अनुकूल’ असंच सांग.

जास्त काय लिहू. गुडघ्याला जप, चादरीला टाके घाल, आणि मला आशीर्वाद दे, नसशील देत तर निदान मागे घेतलेला तरी परत कर.

तुझा धाकटा

ता. क. तुला आईची शपथ घालायची सवय आहे आणि पुढच्या पत्रात तू ती घालशीलच, म्हणून आधीच सांगून टाकतो. तो मूर्ख मी. सकाळी दाराशी बाईंनी माझ्या हातात पास ठेवला आणि त्या पाठ फिरवून आत निघाल्या, तेव्हा मला दिसलं की जाकिटाच्या कॉलरखाली पांढरी कच्ची शिलाई राहून गेली आहे. चांगली चार बोटं. करड्या कापडावर पांढरा दोरा, आणि त्या देशापुढे उभ्या राहणार. हाक मारेपर्यंत त्या आत गेल्या, आणि तिथे आपल्याला जाता येत नाही. खिडकीवर भेटीच्या चिठ्ठ्या असतात, त्यातली एक भरली. त्यात दोनच चौकोन होते, ‘सवडीने’ आणि ‘अति तातडीचे’. आमच्या धंद्यात सवडीने म्हटलेलं काम कधीच होत नाही, म्हणून मी दुसऱ्यावर खूण केली. ती चिठ्ठी त्या गर्दीत फिरत फिरत आठव्या प्रश्नाला बाईंच्या हातात पडली. त्यांना वाटलं, मामा जिन्यात कोसळले. त्या धावत सुटल्या. मला कॉरिडॉरमध्ये भेटल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती, आणि पहिलं वाक्य काय, तर ‘तुम्ही बरे आहात ना?’ मी म्हटलं, बाई, चौदावा पुकारला. त्या भिंतीला टेकल्या. रागावल्या नाहीत. मला वर्गाबाहेर उभं केलं असतं तर बरं वाटलं असतं. मग मी म्हटलं, आता बाहेर आलाच आहात तर जरा वळा. कात्री दारावर जमा होती, म्हणून संसदेच्या कॉरिडॉरमध्ये, झेंड्याखाली, मी तो दोरा दाताने तोडला. तो माझ्याकडे आहे. हे कुणाला सांगू नकोस.

ता. क. दुसरा. उत्तर साधारण अनुकूल आहे असं वर लिहिलं, ते तसं नाही. ते असं आहे : ‘सदर ठिकाणी पूल होता, हे खरे आहे. तो वाहून गेला, हे खरे आहे. खात्याने केलेल्या मोजणीनुसार सदर ठिकाणी ओढा ओलांडणाऱ्या व्यक्तींची रोजची संख्या : शून्य. सबब पुलाची आवश्यकता दिसून येत नाही.’ ही मोजणी त्यांनी ऐन पुराच्या आठवड्यात केली. तेव्हा म्हशी ओलांडत नाहीत, माणसं काय ओलांडणार? बाईंनी मंत्र्यांना पत्र लिहून भांडून पुन्हा मोजणी मंजूर करून घेतली आहे. येत्या बारा तारखेला, सकाळी सात ते संध्याकाळी सहा, खात्याचा माणूस माझ्याकडच्या काठावर खुर्ची टाकून बसणार आणि ओलांडणाऱ्याच्या नावाने एकेक रेघ ओढणार. शाळेची मुलं येतील, दूधवाला येईल. पण रेघा जितक्या जास्त तितका पूल जवळ. म्हणून मी ठरवलं आहे की दिवसभर मीच येत-जात राहणार. माणूस एकच आहे हे त्याच्या लक्षात येऊ नये म्हणून दर खेपेला वेगळा कोट घालीन. गिऱ्हाइकांनी न नेलेले कोट माझ्याकडे सतरा आहेत. तुझ्याकडे मागणं एवढंच : तू तुझ्याकडच्या काठावर बस आणि मी आलो की दर वेळी नवा माणूस आल्यासारखं माझं स्वागत कर. ओळख दाखवू नकोस. पत्रं सोडली तर चार वर्षं अंगणातून दाखवली नाहीस, आणखी एक दिवस जमेल.

ता. क. शेवटचा. हे मंत्र्यांना कळता कामा नये, बाईंनाही नको. वर्षातले आठ महिने ओढ्याला घोट्याएवढंच पाणी असतं. तुझा गुडघा त्या दगडांवरून उतरू शकत नाही, म्हणून पूल हवाच. पण माझा गुडघा धडधाकट आहे. हे तुला माहीत होतं आणि तू एकाही पत्रात लिहिलं नाहीस, याबद्दल माननीय सदस्यांचा मी आभारी आहे. बारा तारखेला सतरा कोटांच्या सतरा खेपा झाल्या की अठराव्या खेपेला मी अंगातल्या सदऱ्यावर येईन. डोक्यावर आईचं मशीन असेल. तेवढी एक खेप मोजणाऱ्याला येतानाच मोजू दे. त्या दिवशी मी परत जाणार नाही, तुझ्याकडे जेवून राहीन, आणि चादरीला टाके घालीन.